मुलीसारखी

सोमवारी दहाच्या सुट्टीत नीमियाने नेहमीसारखं तेरेरेचं भांडं उचललं, बर्फाचं पाणी ओतलं आणि मिर्तापुढे धरलं. मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या त्या कारखान्यात ओळीतल्या बायका सुट्टीला आंब्याखाली गोल करून बसत आणि एकाच भांड्यातून, एकाच नळीने आळीपाळीने तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार कडू चहा, पीत. ज्याला आणखी नको असेल त्याने 'आभारी आहे' म्हणायचं, की भांडं त्याला वगळून पुढे जातं. मिर्ता सगळ्यांत जुनी. तिने पहिल्याच फेरीचा एक घोट घेतला, भांडं परत दिलं आणि म्हणाली, "आभारी आहे, जेफा."



"अगं, आत्ता तर सुरुवात आहे," नीमिया म्हणाली.

"पुरे झालं बाई. मालकिणीच्या हातचं पचत नाही आम्हाला."

शनिवारपर्यंत नीमिया त्यांच्यातलीच एक होती. शनिवारी तिला ओळीची प्रमुख केलं, आणि सोमवारी ती जेफा झाली. बढती मिळाली की माणसाला खुर्ची मिळते आणि बसायची जागा जाते, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळची घंटा झाल्यावर ती पिशवी उचलून निघाली, तर उत्पादनाचे प्रमुख बारेइरोसाहेब दारात उभे.

"कुठे निघालात?"

"घरी, साहेब. घंटा झाली."

"घंटा बायकांसाठी असते. ओळीचा प्रमुख थांबतो. खराब माल मोजायचा, पुढच्या पाळीला ओळ सोपवायची. ईस्टरपर्यंत तुमची नेमणूक कच्ची आहे, हे विसरू नका."

"साहेब, माझा धाकटा शेजारणीकडे असतो. ती संध्याकाळी चिपाचे पाव विकायला बसते. घंटेनंतर तिला नाही सांभाळता येत."

बारेइरोसाहेब वाईट माणूस नव्हता. छत्री नेली नाहीत का, असं विचारावं तितक्या सहज त्याने विचारलं, "घरी एखादी मुलगी नाही का ठेवलेली? आणा की गावाकडून. सगळेच आणतात."

सगळेच आणत होते, हे खरंच होतं. सान लोरेन्सोच्या त्या गल्लीत ज्या घराला पत्र्याऐवजी कौलं होती, त्या प्रत्येक घरात गावाकडची एक मुलगी होती. तिला क्रियादा म्हणत, म्हणजे वाढवलेली. पगार नाही. खायला, राहायला आणि शाळा, त्या बदल्यात घरकाम. गरिबाच्या पोरीचं भलं होतं, घरातल्या बाईचं काम होतं आणि देव दोघींना आशीर्वाद देतो, अशी एकूण समजूत. देवाला कुणी विचारलेलं नव्हतं.

नीमियाने मुलगी शोधायच्या आतच तिच्या आईने आणली. रविवारी पेत्रोना, जिला गाव मानाने दोन्या म्हणे, काग्वासूच्या गाडीतून उतरली, तेव्हा तिच्या एका काखेत जिवंत कोंबडी होती, दुसऱ्या हातात चीज, आणि मागे दहा वर्षांची एक मुलगी, जिचे डोळे तिच्या चेहऱ्यापेक्षा आधी पुढे येत होते.

"तुझी बढती झाली ना," पेत्रोना म्हणाली. "मग रिकाम्या हाताने कशी येऊ? ही तोमासाची सुनिल्दा. हाताला चपळ आहे. तुझा नवरा तिकडे बुएनोस आयरेसला विटा रचतोय, तू इकडे जेफा झालीस. घरात कुणी नको?"

"आई, ती माझ्या अरामीएवढी आहे गं."

"मी सात वर्षांची होते," पेत्रोना म्हणाली. "मेले का? त्यांनी मला माणूस केलं. चमच्याने जेवायला शिकवलं."

नीमियाने मुलीकडे पाहिलं. मुलगी कोंबडीकडे पाहत होती.

"इथे तू मुलीसारखी राहशील हं," नीमिया म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

'मुलीसारखी' हा शब्द मोठा गोड आहे. पोटच्या मुलीला मात्र कुणी मुलीसारखी म्हणत नाही. आठ दिवसांत त्या घरात ठरलं, कुणी न ठरवता, की मुलीसारखी जी आहे तिने सगळ्यांच्या आधी उठायचं, अंगण झाडायचं, मांदिओकाचे कंद सोलून उकळत ठेवायचे, चार वर्षांच्या एवेरला कडेवर घ्यायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर मोरीजवळच्या स्टुलावर बसून जेवायचं. टेबलावर बसायला नीमियाने तिला दोनदा बोलावलं. ती आली नाही. तिसऱ्यांदा नीमियाने बोलावलं नाही.

एक खरं, कारखान्यात नीमियाचं नशीब फुललं. आता ती घंटेनंतर निवांत थांबे. रोज सकाळी न्हाणीतल्या आरशासमोर उभी राहून ती बारेइरोसाहेबांची वाक्यं घोकत असे, कारण तिला ओरडता येत नव्हतं आणि जेफाला ओरडता आलं पाहिजे, असं तिला वाटत होतं.

"मला कारणं नकोत, मला काम हवं," ती आरशाला सांगे. मग आवाज चढवून, "मला कारणं नकोत!"

आरसा घाबरत नसे, पण ओळीतल्या बायका घाबरू लागल्या. नवी आलेली एक पोर तर रडली. माल वाढला. बारेइरोसाहेबांनी फलकावर तिच्या ओळीचं नाव सर्वांत वर लावलं. मिर्ता अजून पहिल्या घोटालाच आभार मानत होती, पण आता तेही हळू आवाजात.

मार्चमधल्या एका दुपारी कारखान्याची वीज गेली ती आलीच नाही. सगळ्यांना घरी सोडलं. कधी नव्हे ते भर उन्हात नीमिया गल्लीत शिरली, आणि फाटकापाशीच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"मला कारणं नकोत! मला काम हवं!"

आवाज तिचाच होता, फक्त नऊ वर्षांचा. ती दारात थांबली. आत अरामी कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर सुनिल्दा, एका कडेवर एवेर, दुसऱ्या हातात इस्त्री. टेबलावर अरामीचा नाचाचा घागरा होता, आणि त्याच्या काठावर इस्त्रीचा पिवळा डाग.

"एवेर ओढत होता," सुनिल्दा म्हणाली.

"परत कारणं!" अरामीने पायातली चप्पल काढली आणि सुनिल्दाच्या दंडावर मारली. जोरात नाही. ज्याला मारायची सवय झाली आहे, त्याने मारावं तशी.

सुनिल्दाने इस्त्री आधी उभी केली. मग एवेरला खाली ठेवलं. मग दंड चोळला. तो क्रम नीमियाने दारातून पाहिला आणि ती आत शिरली.

"अरामी!"

अरामी दचकली, पण घाबरली नाही. "आई, बघ ना काय केलंय हिनं. आज माझा नाच आहे."

"मारलंस तू तिला?"

"मग?" अरामीला खरंच कळत नव्हतं. "तू पण तुझ्या बायकांवर ओरडतेस ना? तू त्यांची जेफा. मी हिची जेफा."

नीमियाला वाटलं, आपण हिला एक ठेवून द्यावी. हात उचललासुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की साखळीत आणखी एकच कडी वाढेल, आणि तिने तो हात आपल्याच तोंडावर ठेवला.

अरामीला तिने आत पाठवलं आणि ती सुनिल्दासमोर मोरीपाशी जमिनीवरच बसली.

"तू आज शाळेत का नाही गेलीस? दुपारची शाळा ना तुझी?"

"नाही गेले, बाई."

"काल?"

सुनिल्दाने नकारार्थी मान हलवली.

"मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुपारी शाळेत जा म्हणून."

सुनिल्दाने नीमियाच्या डोळ्यांत डोळे घातले. "तुम्ही 'जा' म्हणालात, बाई. अरामीला दुपारी नाच असतो. एवेरला कुणाकडे ठेवून जा, ते नाही म्हणालात."

घंटेनंतर थांबा, पण मुलाला कुठे ठेवा ते बारेइरोसाहेबाने तरी कुठे सांगितलं होतं? हुकूम त्याने सोडला, नीमियाने झेलला आणि जसाच्या तसा दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून ती पुढे निघून गेली होती. फलकावर नाव सर्वांत वर होतं. त्या नावाखाली कोण उभं होतं, ते आज उन्हात दिसलं.

"अजून कुठे लागलंय का तुला?"

"आज नाही लागलं," सुनिल्दा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत नीमियाने भांडं हातात घेतलं नाही. ती गोलाच्या मधे उभी राहिली.

"मी मुलगी परत नेऊन सोडणार आहे," ती म्हणाली. "घंटेनंतर मी थांबणार नाही. खराब मालाची मोजणी आणि ओळ सोपवणं, दोन्ही घंटेच्या आत करायचं. त्यासाठी शेवटच्या ढकलगाडीचा माल थोडा आधी थांबवू. मला तुमची मदत लागेल. आणि मी जे ओरडले त्याबद्दल... ते बंद."

मिर्ता हसली. "वा गं वा! फुकटची मोलकरीण मानवली नाही वाटतं. चोरी केली का पोरीने?"

"नाही."

"मग? माझ्याकडेही आहे एक. तीन वर्षं आहे. जेवते, खाते, मी तिला बूट घेतले. मी काय राक्षसीण आहे?"

"तू राक्षसीण नाहीस, मिर्ता. मीही नव्हते. म्हणूनच तर चालतं हे. राक्षसाच्या घरी आया पोरी पाठवत नाहीत."

"मी स्वतः क्रियादा होते!" मिर्ताचा आवाज चढला. "अकरा वर्षं एका वकिलाच्या घरी. बघ, उभी आहे ना तुझ्यासमोर? काय बिघडलं माझं?"

"त्या घरात मुलं होती?"

"दोन मुली."

"त्यांचे वाढदिवस व्हायचे?"

"थाटात! केक मीच करायचे."

"आणि तुझा?"

मिर्ताने नळीने भांड्यातला बर्फ ढवळला.

"सान हुआनच्या जत्रेला," ती म्हणाली. "आग पेटवतात ना, त्या दिवशी मी मनातल्या मनात माझा धरायचे. खरा कधी असतो ते मला ठाऊक नाही. कुणी आईला विचारलंच नाही." मग एकदम खेकसली, "बघता काय सगळ्या? भांडं फिरवा की! बर्फ वितळला."

संध्याकाळी घंटेच्या आत ओळ सोपवून झाली. मोजणी मिर्ताने केली, शिव्या देत, पण नेमकी. घंटा झाली तशी नीमियाने पिशवी उचलली. बारेइरोसाहेब दारातच होते.

"कुठे?"

"घरी. माल मोजून झालाय, पुढची पाळी कामाला लागलीये. जाऊन बघा."

"मी नियम सांगितला होता तुम्हाला."

"सांगितलात, साहेब. तो नियम पाळायला मला एक लहान मुलगी लागते. तुम्ही आणा म्हणालात, मी आणली. आता मी ती परत करतेय. जागा काढून घ्यायची तर घ्या. फलकावरून नाव काढायचं तर काढा. पण माझी बढती मी दुसऱ्याच्या पोरीच्या पाठीवर उभी राहून टिकवणार नाही."

साहेबाचे कान लाल झाले. "ही जागा मिर्ताला देता येईल मला. आजच."

"द्या की," नीमियाच्या मागून मिर्ता म्हणाली. ती डोक्याला रुमाल बांधत होती. "पण मीही घंटेलाच निघणार, आत्ताच सांगून ठेवते. मला एका पोरीच्या आईला फोन करायचाय. तिचा वाढदिवस विचारायचाय."

बारेइरोसाहेब आत जाऊन ओळ बघून आले. खोट काढायला जागा नव्हती. "ईस्टरपर्यंत बघू," ते म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

रविवारी सकाळच्या गाडीत सुनिल्दा खिडकीशी बसली होती, मांडीवर तिचं गाठोडं. नीमियाला वाटलं होतं, पोर खुशीत असेल.

"बाई," बऱ्याच वेळाने सुनिल्दा म्हणाली, "मला परत नेऊन काय होणार?"

"म्हणजे?"

"आई मला दुसऱ्या घरी पाठवेल. दोन्या पेत्रोनांकडे खूप घरं असतात. तुमच्या आधी ओव्हिएदोचं एक घर विचारत होतं. तिथे एक म्हातारी आहे, तिला उचलावं लागतं." ती बाहेर बघत राहिली. "तुमच्याकडे निदान एवेर होता. तो हसायचा."

नीमियाला आपल्या निर्धाराचा थोडा अभिमान वाटू लागला होता. तो तिथेच, कोरोनेल ओव्हिएदोच्या थांब्यापाशी, गाडीतून उतरून गेला. एक पोर परत करणं म्हणजे आपले हात धुणं. पाणी तेवढंच गढूळ राहतं.

पेत्रोनाच्या अंगणात तोमासा आधीच येऊन बसली होती. गावात गाडीच्या आधी बातमी पोचते. मुलीला बघून ती उठली, पण तिने मुलीला जवळ घेतलं नाही. तिने नीमियाला विचारलं,

"काय फोडलं हिनं?"

"काही नाही, तोमासा."

"मग चोरलं काय?"

"काही नाही गं. हिनं काहीच केलं नाही. चूक आमच्या घराची आहे."

तोमासाला हे पटलं नाही. श्रीमंत घराची चूक असते, हे तिने आजवर ऐकलेलं नव्हतं. तिने सुनिल्दाचा दंड धरला, चप्पल लागली होती तोच, आणि म्हणाली, "खरं सांग, काय केलंस?"

"सोड तिला," नीमिया म्हणाली.

"नाक कापलंस माझं!" पेत्रोना चुलीजवळून ओरडली. "इतक्या वर्षांत मी दिलेली एकही मुलगी परत आली नाही. डॉक्टरांच्या घरी दिल्या, शिक्षकांच्या घरी दिल्या. लोक माझ्या पाया पडतात. आणि माझी स्वतःची लेक भर गावात पोर परत आणते!"

"आई, अरामीने हिला मारलं. चपलेने. म्हणाली, मी हिची जेफा."

"लहान आहे. दोन शब्द सांगायचे तिला."

"हीही लहानच आहे."

"मला झाडूने मारायचे! मी काय गावभर सांगत सुटले? मला त्यांनी माणूस केलं!"

नीमिया चुलीपाशी गेली. तिचा आवाज चढला नाही. ओरडायचं तिने सोडलं होतं, आणि न ओरडता काय काय विचारता येतं हे तिला नुकतंच कळत होतं.

"मग मला का नाही पाठवलंस?"

पेत्रोनाने पळीने ढवळणं थांबवलं नाही.

"आपण तोमासापेक्षा गरीब होतो, आई. बाबा गेले तेव्हा घरात मीठसुद्धा नव्हतं. मी सात वर्षांची होते, हाताला चपळ होते. तुझ्या त्या मालकिणीने स्वतः गाडी पाठवली होती मला न्यायला, मला आठवतंय. तू मला मक्याच्या शेतात लपवलंस. तुला त्यांनी माणूस केलं होतं ना? मग मलाही करू द्यायचं होतंस."

पळी थांबली. भांड्यातल्या घेवड्याचे बुडबुडे येत राहिले. पेत्रोनाची पाठ अशी ताठ झाली की जणू मागून कुणी तिला हाक मारली होती, आणि वळायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं.

कुठली बाई अशा प्रश्नाला तोंडाने उत्तर देते?

तेवढ्यात फाटक वाजलं. मळ्याकडचा एक माणूस टोपी हातात घेऊन आत आला. त्याच्याबरोबर एक मुलगी होती, केस पाणी लावून चापून बसवलेले, पायात भावाचे बूट. आज ती कुठेतरी जाणार आहे, हे तिला सांगितलेलं दिसत होतं. कुठे, ते नसावं, कारण ती हसत होती.

"दोन्या पेत्रोना," तो म्हणाला, "देवाची कृपा असो. ऐकलं, तुमच्या लेकीच्या घरी जागा रिकामी झाली. ही माझी धाकटी. गुणी आहे. काहीही खाते."

पेत्रोना हळूहळू वळली. तिने झग्यालाच हात पुसले. ती त्या मुलीजवळ आली, गुडघे दुखत असताना खाली बसली, आणि तिच्या हनुवटीला बोट लावून तिने तिचा चेहरा वर केला.

"नाव काय गं तुझं?"

"बेनिग्ना."

"किती वर्षांची आहेस, बेनिग्ना?"

मुलीने सगळी बोटं पसरली, मग विचार करून तीन मिटली.

पेत्रोना ती उघडी सात बोटं बघत राहिली. मग तिने टोपलीतला गरम चिपा त्या हातात ठेवला आणि नीमियाच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"जागा नाही," ती त्या माणसाला म्हणाली.

"पुढच्या महिन्यात येऊ का मग?"

"पुढच्या महिन्यात नाही. पुढच्या वर्षी नाही. माझ्याकडे आता कुठल्याच घरची जागा नाही. पोरीला घेऊन घरी जा. आणि ऐक, दुसऱ्या कुणाच्या दारी नेलीस, तर मी त्या दारात येऊन उभी राहीन. मोठ्याने सांगेन, अशा घरात काय होतं ते. कुणाला सांगितलं नाही ते सगळं सांगेन."

माणूस टोपी चुरगाळत निघून गेला. मुलगी चिपा खात मागे वळून वळून बघत होती.

तोमासा रडायला लागली होती. "तुम्ही बोललात, सुटलात. माझ्या घरात सहा तोंडं आहेत. मी हिला काय घालू?"

"शाळा माझ्या फाटकासमोर आहे," पेत्रोना म्हणाली. "सुटली की ही माझ्याकडे जेवेल. रोज."

तोमासाने डोळे पुसले आणि सवयीने, अगदी सवयीने, म्हणाली, "देव तुमचं भलं करो. भांडीबिंडी घासेल हो ती तुमची, अंगण झाडेल..."

"खबरदार!" म्हातारी गरजली. तिने घेवड्याचं ताट वाढून टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि सुनिल्दाला दंडाला न धरता, नुसती मान हलवून, बोलावलं. "बस. जेव. आणि जेवून झाल्यावर त्या ताटाला हात लावलास तर बघ."